उंदराचे नैराश्य : एका शब्दाविषयी

पाण्याने भरलेल्या उंच काचपात्रात सोडलेला उंदीर काही काळ निकराने हातपाय मारतो, कडेवर चढू पाहतो. मग नाक पाण्यावर राहील इतकीच हालचाल करीत तरंगत राहतो. १९७७ साली फ्रान्समध्ये रॉजर पोर्सोल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्तब्धतेचा अर्थ नैराश्य असा लावला. पहिल्या दिवशी १५ मिनिटे व दुसऱ्या दिवशी ५ मिनिटे पोहावयास लावून, दुसऱ्या वेळी उंदीर किती काळ स्तब्ध राहिला ते मोजावयाचे, अशी ही कसोटी होय. नैराश्यावरील औषधांनी तो काळ घटतो. म्हणून नव्या औषधांची पारख करण्यासाठी तिचा जगभर उपयोग झाला.

परंतु तरंगणे म्हणजे आशा सोडणे, हे कोणी ठरविले? सुटकेची वाट नाही हे आदल्या दिवशीच कळलेला प्राणी शक्ती राखून ठेवीत असेल, तर त्यास निराश नव्हे, शहाणा म्हणावे लागेल. शिवाय रुग्णास या औषधांचा गुण यावयास बहुधा काही आठवडे लागतात. उंदराचे वर्तन मात्र एका दिवसात पालटते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली, मानवी नैराश्याची प्रतिकृती म्हणून ही कसोटी वापरू नये अशी भूमिका घेतली, ती उशिराच म्हणावयाची.

दुसरी एक कसोटी अधिक विनयशील आहे. पेटीत दोन खटके असतात. योग्य खटका दाबल्यास दहांपैकी सरासरी आठ वेळा गोड खाऊ मिळतो, दुसरा दाबल्यास दोनच वेळा. उंदराने योग्य खटका सलग आठदा दाबला, की दोहोंची अदलाबदल होते. खरी मेख मात्र निराळीच आहे. योग्य खटका दाबूनही कधी कधी हाती काहीच लागत नाही. अशा फसव्या अपयशानंतर उंदीर लगेच दुसरीकडे वळतो, की पहिल्यावरच टिकून राहतो, हे मोजले जाते.

अशाच धर्तीच्या कसोटीत नैराश्यग्रस्त माणसे ‘चूक’ या फसव्या शेऱ्याने निरोगी माणसांहून अधिक विचलित होतात, असे २००३ साली केंब्रिज येथील संशोधनात दिसून आले. पोलंडमधील क्राकोव येथे उंदरांची चाचणी पुनःपुन्हा घेतली असता, अपयशाने डगमगणे हा काही उंदरांचा टिकाऊ स्वभावच असल्याचे आढळले. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्याच एका प्रयोगात सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरील औषधाच्या एकाच अल्प मात्रेने उंदीर अधिकच विचलित झाले, तर मोठ्या मात्रेने उलट परिणाम घडला! औषध दिले की लक्षण घटते, एवढाच सरळ हिशेब धरणाऱ्यास हा निष्कर्ष अडचणीचा वाटेल. रुग्णाच्या दृष्टीने मात्र तो मोलाचा आहे.

या कसोटीतही उंदरास काहीसे अर्धपोटी ठेवावे लागते, हे लपवू नये. तथापि येथे माणसास व उंदरास एकच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर केवळ मोजून घेतले जाते. म्हणूनच अशा उंदरासही निराश म्हणणे योग्य नव्हे. ‘अपयशाने चटकन विचलित होणारा उंदीर’ हे वर्णन लांबट खरे, पण प्रयोगात जेवढे दिसले तेवढेच ते सांगते.