शिक्का यंत्राने मारावा, राखण माणसाने करावी

नाशिकरोडचे सिक्युरिटी प्रेस तुमच्यापैकी बहुतेकांना नावाने तरी माहीत असेल. एके काळी भारताची टपालतिकिटे लंडनची डे ला रू कंपनी छापीत असे आणि ती बोटीने इकडे येत. 1925 च्या सुमारास हे काम नाशिकला आले. आज तेथे तिकिटे, मुद्रांक आणि पारपत्रे तयार होतात. चिप बसवलेली नवी ई-पारपत्रेही येथलीच. अशा छापखान्यात दोन प्रकारची कामे चालतात. पहिले छपाईचे, ते यंत्र भराभर करते. दुसरे राखणीचे, म्हणजे ठसे कुलपात ठेवणे आणि कागदाचा हिशेब ठेवणे. ते जबाबदार माणसांकडे असते.

हाच भेद संगणकांच्या जगातही पाळायला हवा, असे माझे मत आहे. त्यासाठी आधी एका वेगळ्या पारपत्राची ओळख करून घेऊ.

संगणकाचे पारपत्र

तुम्ही अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज संगणकावर भरता. त्यात नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक असे सर्व काही असते. ही माहिती दूरच्या एका संगणकाकडे जाते. त्याला सर्व्हर म्हणतात. पण पलीकडचा सर्व्हर खरोखर प्रवेश समितीचाच आहे, मध्येच टपून बसलेल्या एखाद्या भामट्याचा नाही, हे तुमच्या ब्राउझरला कसे कळते?

सर्व्हर आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्यात त्याचे नाव, मुदतीच्या तारखा आणि एक ‘उघड किल्ली’ असते. उघड किल्लीची जोडीदार ‘गुप्त किल्ली’ मात्र सर्व्हर कोणालाच दाखवत नाही. रिव्हेस्ट, शामीर व ॲडलमन या तिघांनी 1977 मध्ये मांडलेल्या पद्धतीत या किल्ल्या दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारातून तयार होतात. आजही रूढ असलेल्या 2048 बिटांच्या किल्लीत हा गुणाकार 617 अंकी असतो. त्याचे मूळ अवयव शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

प्रमाणपत्रावर एका प्रमाणन संस्थेची अंकीय सही असते. कोणत्या संस्थांच्या सहीवर विश्वास ठेवायचा, याची यादी ब्राउझरजवळ आधीपासूनच असते. सही जुळली, नाव जुळले आणि मुदत शिल्लक असली, की संभाषण सुरू होते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. प्रमाणपत्र हे नावाची खात्री देते, चारित्र्याची नाही. भामटासुद्धा स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळासाठी प्रमाणपत्र मिळवू शकतो. म्हणून पत्त्यातील अक्षर न् अक्षर आपणच वाचायचे असते.

मुदत कशासाठी?

मोठ्या माणसाचे पारपत्र दहा वर्षे चालते. मग सर्व्हरच्या प्रमाणपत्राला इतकी थोडी मुदत का? कारण गुप्त किल्ली चोरीला गेली, तर चोराला मुदत संपेपर्यंत त्या सर्व्हरचे सोंग घेता येते. चोरी कळल्यावर प्रमाणपत्र रद्द करता येते. पण रद्द झाल्याची बातमी प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नाही. तेव्हा मुदतच आखूड ठेवणे शहाणपणाचे.

म्हणूनच ही मुदत उतरत चालली आहे. 2020 च्या सप्टेंबरपासून ती जास्तीत जास्त 398 दिवस झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये प्रमाणन संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंडळाने पुढच्या पायऱ्या ठरवल्या: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 15 मार्च 2027 पासून 100 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून अवघे 47 दिवस.

आता एक गणित करा. एखाद्या संस्थेकडे 50 प्रमाणपत्रे आहेत. 47 दिवसांच्या हिशेबाने वर्षाला किती नूतनीकरणे होतील? 365 ला 47 ने भागून 50 ने गुणा. उत्तर येते सुमारे 388, म्हणजे दररोज एकाहून अधिक, तेही रविवार, दिवाळी, मे महिन्याची सुटी धरून! कारकुनाच्या वहीत तारखा लिहून हे काम कसे निभेल?

त्यात क्लाउडची भर पडली आहे. क्लाउड म्हणजे कोठे तरी मोठ्या इमारतींत ठेवलेले, भाड्याने मिळणारे संगणक. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी गर्दी उसळली, की काही मिनिटांत नवे सर्व्हर जोडता येतात आणि संध्याकाळी काढूनही घेता येतात. सिंहस्थात नाशिकला बाहेरगावाहून बंदोबस्ताला पोलीस येतात, तसेच हे. पण आलेल्या प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवेच! ते हाताने लिहून वाटत बसले, तर पर्वणी टळून जाईल.

हे काम आता आज्ञावली करतात. सर्व्हरवरील आज्ञावली प्रमाणन संस्थेकडे अर्ज करते. संस्था सांगते, ‘हे नाव तुझेच असेल, तर मी दिलेला हा संकेत तुझ्या संकेतस्थळावर अमुक जागी ठेवून दाखव.’ संकेत जागेवर सापडला, की पडताळणी झाली आणि नवे प्रमाणपत्र मिळाले. या संभाषणाच्या नियमांना ‘ॲक्मी’ म्हणतात. ते 2019 मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही सेवाभावी संस्था 2015 पासून याच मार्गाने 90 दिवसांची प्रमाणपत्रे विनामूल्य देत आली आहे. ‘सर्टबॉट’सारखी आज्ञावली दिवसातून दोनदा मुदत तपासते आणि महिनाभर शिल्लक असतानाच नूतनीकरण करते. यात गुप्त किल्ली पेनड्राइव्हवरून किंवा ईमेलमधून हिंडत नाही, हा आणखी एक लाभ.

विसरण्याची किंमत

कोणी म्हणेल, एखाद्या दिवशी मुदत संपली तर काय एवढे बिघडते? 6 डिसेंबर 2018 रोजी एरिक्सन कंपनीच्या एका आज्ञावलीतील प्रमाणपत्राची मुदत संपली आणि इंग्लंडमध्ये ओटू कंपनीच्या सुमारे 3 कोटी ग्राहकांच्या मोबाइलवरील इंटरनेट बंद पडले. 3 फेब्रुवारी 2020 रोजी मायक्रोसॉफ्टची ‘टीम्स’ ही सेवा काही तास ठप्प झाली, कारण तेच.

परंतु माझ्या मते याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मुदत संपलेल्या संकेतस्थळावर गेलात, की ब्राउझर धोक्याची सूचना देतो. अर्जाचा शेवटचा दिवस असतो, मागे रांग असते. कोणी तरी म्हणते, ‘काही होत नाही, पुढे जा.’ आपण पुढे जातो आणि खरोखरच काही होत नाही. असे दोनचारदा घडले, की सूचना न वाचता पुढे जाण्याची सवय अंगवळणी पडते. मग ज्या दिवशी पलीकडे खरा भामटा असेल, त्या दिवशीही बोट सवयीनेच पुढे जाईल. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. येथे खोटी हाकाटी संस्थेच्या विसराळूपणामुळे होते आणि फटका मात्र विद्यार्थ्याला बसतो.

मग सारे यंत्रावर सोपवावे का?

नाही. यंत्राने चूक केली, तर तीही घाऊक असते. 2020 मध्ये लेट्स एन्क्रिप्टच्या आज्ञावलीतील एका दोषामुळे सुमारे 30 लाख प्रमाणपत्रे अपुऱ्या तपासणीने दिली गेल्याचे आढळले. पैकी 17 लाखांहून अधिक थोड्याच दिवसांत बदलली गेली, तीही बव्हंशी यंत्रांमुळेच. पण दोष ओळखणे, तो उघडपणे सांगणे आणि काय करायचे ते ठरवणे, हे माणसांचेच काम होते.

दुसरे उदाहरण आपल्याच देशाचे. 2014 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन विभागाकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. भारताच्या नियंत्रकांनी केंद्राचे अधिकारपत्र लगोलग रद्द केले, आणि गूगलने आपल्या ब्राउझरमध्ये भारतीय मूळ प्रमाणपत्राचा मान मोजक्या नावांपुरताच ठेवला. ही चूक तारीख विसरल्याची नव्हती; सही करण्याच्या अधिकाराची राखण ढिली पडल्याची होती. असा ढिलेपणा कोणत्याही आज्ञावलीने भरून निघत नाही. लंडनहून तिकिटांची छपाई नाशिकला आणता आली. गेलेला विश्वास परत आणणे त्याहून कठीण असते.

तेव्हा सूत्र सोपे आहे. नूतनीकरण यंत्राने करावे. सही करण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हे माणसांनी विचारपूर्वक ठरवावे. आणि यंत्र अडले, तर त्याची सूचना एकाच नव्हे, निदान दोन जबाबदार व्यक्तींना जावी. एक रजेवर असला तरी दुसरा जागा राहील. शाळा, नगरपालिका, पतपेढ्या यांना हे परवडणार नाही असे नाही. प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. आवश्यकता आहे ती एकदा घडी बसवण्याची.

तुमच्यासाठी एक प्रयोग. शाळेच्या संगणकावर पाच संकेतस्थळे उघडा. पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारून प्रत्येकाचे प्रमाणपत्र पाहा. ते कोणाच्या नावे आहे, सही कोणाची आहे, मुदत किती दिवसांची आहे, याचा तक्ता करा. शिक्षकांनी हा तक्ता वर्गात लावावा. आणि एखाद्या स्थळावर धोक्याची सूचना आली, तर पुढे जाऊ नका. त्या संस्थेला दूरध्वनी करून कळवा. तुमच्या एका दूरध्वनीने पुढच्या शंभर जणांची चुकीची सवय टळेल.