लंडन पाहिले, भायखळा राहिला

दिवाळीच्या फराळात हल्ली एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. चकली, करंजी, अनरसे पुढ्यात येतात न येतात तोच यजमान खिशातून मोबाइल काढतात आणि परदेशप्रवासाची छायाचित्रे वाढू लागतात. अनरशाला नको म्हणता येते. आयफेल टॉवरला म्हणता येत नाही.

गेल्या भाऊबिजेला आमच्या भावोजींनी अशी चारएकशे छायाचित्रे वाढली. अकरा दिवसांत सात देश! "पॅरिस केलं, रोम केलं, लंडन तर दीड दिवसात केलं!" हे 'करणे' मला नवे होते. माणसे स्वयंपाक करतात, सत्यनारायण करतात, एवढेच मला ठाऊक. लंडनच्या चित्रांत सेंट पँक्रास स्टेशनावरची ती लाल विटांची, टोकदार मनोऱ्यांची इमारत निघाली. भावोजी भारावून म्हणाले, "काय बांधलंय! आपल्याकडे असलं काही होणे नाही."

मी म्हटले, "भावोजी, ही इमारत ज्याने आखली त्याच जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आपला राजाबाई टॉवर आखला. तुमची नोकरी फोर्टातली. तीस वर्षं तुम्ही त्याच्या समोरून जात होता."

"हो, ते घड्याळ! त्याच्यावरूनच तर कळायचं, लेट झालोय की नाही ते."

तीस वर्षांचा शेजार, आणि संबंध एवढाच! कापसाच्या व्यापारात नाव काढलेल्या प्रेमचंद रायचंदांनी त्याला पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव दिले. १८७८ मध्ये तो पुरा झाला. आखणाऱ्या स्कॉटने मुंबई कधी पाहिलीच नाही. बिचाऱ्याला निदान सबब होती. तो इथे आलाच नव्हता.

माझे भांडण परदेश पाहण्याशी मुळीच नाही. भाचीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने मीही लंडनला दोन महिने राहून आले. बाळ झोपले की मी निसटत असे. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे माझ्या बऱ्याच दुपारी तिथे गेल्या. अमरावतीच्या स्तूपाच्या शंभराहून अधिक शिळा तिथे आहेत. ही अमरावती आपली विदर्भातली नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची. पण त्या शिळांहूनही माझ्या मनात घर केले ते तिथल्या शाळकरी मुलांनी. गणवेशातली ती मुले फरशीवर मांडी ठोकून बसली होती, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. एक मुलगी एकाच दगडी सिंहाची आयाळ अर्धा तास काढत होती. तिची बाई घड्याळाकडे पाहत नव्हती की "चला, आटपा" म्हणत नव्हती. एका सिंहाला अर्धा तास! भावोजींच्या हिशेबाने तेवढ्यात अर्धे म्युझियम 'झाले' असते.

आता नेहमीचे आक्षेप येणारच. मुंबईत पाहण्यासारखे आहे काय? नुसती गर्दी, घाण! पण लंडनच्या किल्ल्यात कोहिनूर पाहायला तासभर रांगेत उभे राहता, तेव्हा गर्दी तुम्हाला बोचत नाही. दुसरा आक्षेप जरा शहाणा वाटतो: आपल्याकडे आहे ते सगळे इंग्रजांनीच केलेले. टॉवर हिल स्टेशनाबाहेर रोमन लोकांनी बांधलेल्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे. भावोजींनी त्याच्यापाशी सपत्नीक छायाचित्र काढून घेतले आहे. ती भिंत बांधली जाण्याच्या आधीच आपल्या बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीचा कातळ कोरला जात होता. लेणी शंभराहून अधिक, शिवाय पावसाचे पाणी साठवणारी टाकी. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. सोपारा म्हणजे तेच, जिथली गर्दी लोकलच्या दाराला लोंबकळते.

आणि इंग्रजांचेच म्हणाल तर बोरीबंदर घ्या. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ते आखले, १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. त्यावरची पाने-फुले आणि पशुपक्षी कोरायला सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी होते, म्हणजे इथलीच मुले. २००४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. दाराच्या एका खांबावर सिंह बसला आहे, दुसऱ्यावर वाघ. एक इंग्लंडचा, एक आपला. रोज लाखो माणसे त्या इमारतीतून जातात. सकाळच्या घाईत कोणी मान वर करावी असे मी म्हणत नाही, मीही करत नाही. पण आयुष्यातला एक रविवार?

माझा राग इतका का, तेही सांगते. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सुटीच्या दिवशी रेल्वेने येऊन या शहराच्या भिंती वाचण्यात झाले. ज्यांना कॉलेज परवडत नाही त्यांचे कॉलेज असे उघड्यावर उभे असते. ते आपण आपल्या मुलांना दाखवत नाही.

आमची शाळा कल्याणची. गेल्या वर्षी सातवीच्या सहलीसाठी मी कान्हेरी सुचवली. म्हटले, पोरांना कळू दे की आपल्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या कातळावर आहे. सभेत एक पालक उठून म्हणाले, "बाई, दगड काय बघायचे? पोरांना मजा पाहिजे." सर्वानुमते वॉटर पार्क ठरला. माणशी पंधराशे रुपये. चौदा मुलांनी पैसे आणले नाहीत. कोणाचे पोट दुखत होते, कोणाकडे पाहुणे येणार होते. आम्हा शिक्षकांना ही पोटदुखी चांगली ओळखता येते.

पुढच्या रविवारी त्या चौदा जणांना, पालकांच्या चिठ्ठ्या घेऊन, मी लोकलने मुंबईला नेले. बोरीबंदरचा सिंह आणि वाघ झाले. मग भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला रीघ लागते, आणि त्या रांगेला पाठ करून भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा असतो. हा मूळचा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ मध्ये याला इंग्लंडला न्यायचे ठरले. उचलताना यारीने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, ते जुळवून तो पुन्हा उभा केला.

मुलांनी त्याला प्रदक्षिणा घातली, सांधे कुठे दिसतात ते शोधले. मी कागद-पेन्सिली वाटल्या. बसायला धड जागा नव्हती, एक रखवालदार दोनदा येऊन पाहून गेला. हेही मान्य करते, की आपल्याकडे मूल जमिनीवर बसले तर आधी शिट्टी वाजते. या रखवालदाराने वाजवली नाही. तिसऱ्यांदा आला तो एका मुलाच्या खांद्यावरून चित्र पाहत उभा राहिला.

ज्याचे पोट दुखत होते त्या मुलाने सोंड काढता काढता विचारले, "बाई, यारी मोडली नसती तर हा लंडनला असता?"

"असता."

"मोडली ते बरं झालं. नाहीतर याला बघायला पासपोर्ट लागला असता."

माणशी खर्च शंभर रुपयांच्या आत आला, वडापावासकट.

यंदाच्या सहलीची सूचना दिवाळीच्या सुटीआधीच फळ्यावर लागली आहे. पुन्हा वॉटर पार्क, शंभर रुपये जास्त. त्या सूचनेखाली लावायला मी कान्हेरीचा कागद लिहून ठेवला आहे. शाळा उघडली की टाचणी तेवढी शोधायची.