तव्याचा चटका कळत नसेल तर

चटका बसला, फोड आला, तरी दुखले नाही. ‘कामाने हात राठ झाले’ म्हणून आपण सोडून देतो. आम्हाला हे पटत नाही. मधुमेह, कुष्ठरोग अशी कारणे असतात. आणखी एक म्हणजे कियारी दोष. यात लहान मेंदूचा खालचा भाग मानेत उतरतो, मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होते. खोकताना डोक्यामागे कळ येते, हात बारीक होतात. एमआरआयमध्ये हे दिसते.

ऑपरेशनमध्ये कवटीमागचे थोडे हाड काढून वाट मोकळी करतात. डोकेदुखी बहुधा कमी होते, पोकळी आकसते. पण गेलेली संवेदना अनेकदा परत येत नाही. ऑपरेशन मुख्यतः उरलेले वाचवण्यासाठी असते. म्हणून अंगारे-धुपाऱ्यांत महिने घालवू नका. सरकारी रुग्णालय गाठा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.