एआय औषधं शोधतंय, मग फार्मकॉलॉजीत एम.फार्म. करायचं का?

"एआयने काही मिनिटांत नवीन औषध शोधलं" अशी रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. येलदरीचा माझा मावसभाऊ बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने अशीच एक रील पाठवली आणि खाली विचारलं, "दादा, फार्मकॉलॉजीत पुढं शिकू की सरळ कोडिंग शिकू?" मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून उत्तर 'कोडिंग' येणार असं त्याने धरलं असावं. माझं उत्तर मात्र उलटं आहे. का ते सांगतो.

एआयने नेमकं काय सोपं केलं?

बहुतेक औषधं शरीरातल्या किंवा जंतूतल्या एखाद्या प्रथिनाला चिकटून काम करतात. प्रथिन हे कुलूप समजा आणि औषधाचा रेणू ही किल्ली. किल्ली घडवायची तर आधी कुलपाचा आकार माहीत हवा. पूर्वी एका प्रथिनाचा आकार प्रयोगशाळेत काढायला कित्येक महिने, कधी वर्षं जायची. गूगल डीपमाइंडच्या अल्फाफोल्डने हा आकार कॉम्प्युटरवर वर्तवून दाखवला. २०२२ मध्ये असे २० कोटींहून जास्त आकार सगळ्यांसाठी फुकट खुले झाले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. नवीन प्रथिनं घडवणारे डेव्हिड बेकर त्यात अर्ध्याचे मानकरी होते.

दुसरं काम चाळणीचं. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी कॉम्प्युटर मॉडेलकडून हजारो रेणू चाळून घेतले. त्यातून हॅलिसिन नावाचा, जंतू मारणारा रेणू हाती लागला. तो मुळात मधुमेहासाठी तपासला गेला होता! रील इथपर्यंत खरं सांगते.

मग घोडं अडतं कुठं?

येलदरीचं धरण भरलं की लगेच शेताला पाणी मिळत नाही. पूर्णेचं ते पाणी आधी खाली सिद्धेश्वर धरणात सोडतात आणि तिथून ते कालव्यांनी पुढं जातं. औषधाचंही तसंच आहे. एआयने धरण भरून दिलं, कालवे अजून तेवढेच लांब आहेत.

काचेच्या बशीत जंतू मारणारा रेणू पोटातून रक्तात पोचतो का? यकृत त्याचे तुकडे करून टाकतं का? हृदयाचे ठोके बिघडवतो का? किडनी अधू असलेल्या माणसाला किती डोस द्यायचा? ही उत्तरं आधी पेशींवर, मग प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर तपासूनच मिळतात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ तिथंच गळतात. इन्सिलिको मेडिसिन कंपनीचं रेंटोसर्टिब हे एआयच्या मदतीने तयार केलेलं फुप्फुसाच्या आजारावरचं औषध. २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे निकाल छापून आले, ७१ रुग्णांवरचे. म्हणजे एआय असलं तरी रांग हीच, टप्पेही हेच. याच टप्प्यांच्या अभ्यासाला फार्मकॉलॉजी म्हणतात.

उदाहरण मराठवाड्यातलंच

येलदरीहून जिंतूर, मंठा, जालना करत छत्रपती संभाजीनगर गाठा. तिथल्या चिकलठाणा एमआयडीसीत वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. नॅफिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकमागे हीच कंपनी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ते 'मिक्नाफ' या नावाने जाहीर केलं. न्यूमोनियावर रोज एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचं औषध. सरकारने दिलेली माहिती अशी: १४ वर्षं, ५०० कोटी रुपये आणि भारत, अमेरिका, युरोपात चाचण्या.

आता याची गरज का पडली ते बघा. खोकला झाला की मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणायच्या, हे गावोगाव चालतं. अझिथ्रोमायसिन जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे रायबोसोमला चिकटतं. काही जंतूंनी चिकटायची तीच जागा बदलून टाकली. नॅफिथ्रोमायसिन त्याच रायबोसोमला दोन ठिकाणी पकडतं, म्हणून एक जागा बदलली तरी पकड राहते. पण हेही चिठ्ठीशिवाय खपायला लागलं तर १४ वर्षांची मेहनत जंतू किती दिवसांत पाण्यात घालतील, याचा विचार करा.

एम.फार्म.मध्ये काय शिकवतात?

फार्मसी कौन्सिलचा अभ्यासक्रम चार सेमिस्टरचा आहे. पहिल्यात औषधं शरीरात कसं काम करतात, पेशींच्या पातळीवर काय घडतं आणि औषध तपासायच्या पद्धती. दुसऱ्यात औषधशोधाची तत्त्वं (डॉकिंग इथंच येतं, म्हणजे किल्ली कुलपात बसते का ते कॉम्प्युटरवर पाहणं), शिवाय क्लिनिकल रिसर्च आणि दुष्परिणामांवर नजर ठेवण्याचं शास्त्र. मग संख्याशास्त्र आणि स्वतःचं संशोधन. एआयने दिलेल्या यादीतला कुठला रेणू खरा आणि कुठला फुसका, हे ओळखणारी नजर इथं तयार होते. कोडिंग तिच्या जोडीला हवंच, पण एकटं कोडिंग इथं फार पुढं नेत नाही.

प्रवेश आणि पैसा

रस्ता जीपॅट परीक्षेतून जातो. २०२४ पासून ती एनबीईएमएस घेते. पात्र ठरून एआयसीटीई मान्यतेच्या कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर स्कॉलरशिप महिन्याला १२,४०० रुपये आहे. औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था म्हणजे नायपर. मोहाली, अहमदाबाद, गुवाहाटी, हाजीपूर, हैदराबाद, कोलकाता आणि रायबरेली अशा सात ठिकाणी त्या आहेत. महाराष्ट्रात एकही नाही. औषध कंपन्यांनी गजबजलेल्या राज्यात ही गोष्ट मला खटकते. परभणीच्या पोराला सगळ्यात जवळची म्हणजे हैदराबाद.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, तीन गोष्टी विचारा. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी त्यांच्या ॲनिमल हाऊसची सरकारी नोंदणी आहे का? पेशी वाढवायची सोय चालू आहे का, की खोलीला कुलूप आहे? मागच्या वर्षीच्या मुलांचे संशोधनाचे विषय काय होते? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा.

आजपासून काय करता येईल?

पबकेम आणि अल्फाफोल्डचा डेटाबेस फोनच्या ब्राउझरवरही उघडतो. घरातल्या पॅरासिटामॉलचा रेणू शोधून बघा. साधा लॅपटॉप असेल तर ऑटोडॉक विना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. गूगल कोलॅबवर पायथॉन शिकता येतं. येलदरीत बसून इतकं नक्की होतं. पुढचं काम, म्हणजे पेशी आणि प्राण्यांवरच्या चाचण्या, प्रयोगशाळेतच होतं. त्यासाठीच एम.फार्म.

आणि फार्मसी शिकत नसाल तरी एक काम तुमच्या हातात आहे. एखाद्या औषधाने अंगावर पुरळ आलं, चक्कर आली, तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कळवा. देशभरातल्या अशा नोंदी भारताच्या फार्मकोव्हिजिलन्स कार्यक्रमात जमा होतात. औषध बाजारात आल्यावरही त्याची तपासणी संपत नाही, आणि ती माहिती माणसांनी कळवल्याशिवाय कुठल्याच मॉडेलला मिळत नाही.

भावाला मी एवढंच लिहिलं: जीपॅटचा फॉर्म भर, पायथॉन रविवारी शिकू.