टाके काढल्यानंतरचे वर्ष

मानेची शस्त्रक्रिया झालेला माणूस टाके काढून घरी येतो, तेव्हा घरच्यांच्या लेखी उपचार संपलेले असतात. बऱ्याचदा रुग्णालयाच्या लेखीही. बिल चुकते झालेले असते आणि डिस्चार्ज कार्डावर ‘गरज वाटल्यास दाखवणे’ एवढेच लिहिलेले असते. व्रणाचे काम मात्र तेव्हा कुठे रंगात आलेले असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हनुवटीखाली कडक पट्टा हाताला लागतो, कानामागे वाटाण्याएवढी गाठ लागते, मान वळवताना कातडी ओढल्यासारखी वाटते, आणि हे कोणाला दाखवायचे ते कळत नाही. सैल पडलेली मान ताणून घेण्याची ‘नेक लिफ्ट’ असो, थायरॉइडची गाठ काढलेली असो किंवा भाजून आखडलेली मान सोडवलेली असो, प्रश्न एकच आहे. व्रणाची वर्षभराची देखभाल हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे. तो आधी सांगितलेल्या खर्चात, संमतिपत्रात आणि सरकारी योजनेत धरला गेला पाहिजे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला तो घराजवळ मिळाला पाहिजे.

हे का म्हणायचे, ते कातडीखाली काय घडते हे पाहिल्यावर कळते. नेक लिफ्टमध्ये हनुवटीखाली एक छोटा छेद आणि कानांमागून केसांपर्यंत जाणारे छेद घेतात, जादा चरबी काढतात, गळ्यावरचा पातळ पसरट स्नायू शिवून घट्ट करतात आणि कातडी वर ओढून बसवतात. म्हणजे बाहेर दिसणारा व्रण बोटभर असला तरी आतली जखम गळाभर पसरलेली असते. ती भरताना शरीर आधी घाईघाईने कच्चे कोलेजन रचते आणि मग महिनोन्‌महिने ते मोडून पक्के कोलेजन घालत राहते. पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम तीन टक्के असते, तीन आठवड्यांनी वीस टक्क्यांच्या आसपास आणि तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. शंभर टक्के ती कधीच होत नाही. या मधल्या काळात गाठी लागणे, एक बाजू जास्त सुजलेली वाटणे, कानाची पाळी बधिर राहणे हे बहुतेकांना होतेच. गाठ म्हणजे कधी साकळलेले रक्त किंवा साठलेले पाणी असते, कधी आतल्या टाक्याची गाठ, कधी रक्तपुरवठा तुटून कडक झालेली चरबी, तर कधी निव्वळ व्रणाची जाड ऊती. बोटाला सगळ्या सारख्याच लागतात, उपचार मात्र प्रत्येकीचा वेगळा. बहुतेक गाठी तीन ते सहा महिन्यांत मऊ पडतात आणि म्हणूनच जाणते सर्जन दुरुस्तीची शस्त्रक्रिया सहा महिने ते वर्षभर पुढे ढकलतात. पण पहिल्या चोवीस तासांत एका बाजूला झपाट्याने वाढणारी, ठणकणारी सूज आली किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर ती रक्त साकळत असल्याची खूण असते आणि तेव्हा एक तासही थांबायचे नसते. थांबायचे कधी आणि धावायचे कधी, हे रुग्णाने स्वतःच ठरवावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

नंतरच्या देखभालीशिवाय शस्त्रक्रिया वाया जाते, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा भाजलेल्या मानेत दिसतो. गळा भाजला की भरणारी कातडी आखडत जाते, हनुवटी छातीकडे खेचली जाते, खालचा ओठ ओढला जातो आणि माणसाला वर बघता येईनासे होते. सर्जन ती आखडलेली कातडी सोडवून मांडीची कातडी तिथे लावतो. टेबलावर मान सरळ होते. पण जखम आखडवणाऱ्या पेशी टाके निघाले म्हणून थांबत नाहीत. त्यानंतर अनेक महिने रात्रंदिवस कॉलर घातली नाही, मानेचे व्यायाम केले नाहीत, तर लावलेली कातडीही आक्रसते आणि हनुवटी पुन्हा खाली येऊ लागते. शस्त्रक्रिया तीच, सर्जन तोच, फरक फक्त पुढच्या महिन्यांचा. आपल्या मातीत हे ज्ञान जुने आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडे कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवून दिले गेले, त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या प्लास्टिक सर्जरीला तिथून नवी चालना मिळाली. ते नाक रचणारा विटा करणाऱ्या जातीतला कारागीर होता. नाक शिवल्यावर त्याचे काम संपत नसे, हे त्या हकिगतीतच आहे: पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या आक्रसून बंद होत नाहीत, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कातडीचा जोड कापायचा. कपाळावरचा व्रण काळ गेल्यावर फारसा दिसत नाही, अशीही नोंद तिथे आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका कारागिराने दिवस मोजून केलेली देखभाल आजच्या डिस्चार्ज कार्डावर नसावी, हे मला मान्य होत नाही.

देखभाल मिळाली नाही म्हणून माणूस हातावर हात ठेवून बसत नाही. तो स्वतःच उपाय करू लागतो, आणि खरे नुकसान तिथे होते. कोणी ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल टोचून तिचे तेल व्रणावर चोळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात या तेलाने बहुतेकांच्या व्रणाला काही फायदा झाला नाही आणि तिघांतल्या एकाच्या कातडीवर उलट पुरळ उठले. कोणी गाठ विरघळावी म्हणून गरम पाण्याच्या पिशवीने शेकते, पण शस्त्रक्रियेनंतर मानेची कातडी आणि कानाची पाळी कित्येक आठवडे बधिर असते, त्यामुळे चटका बसतो तरी कळत नाही. कोणी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून महिनोन्‌महिने लावते आणि कातडी पातळ करून घेते. कोणी टाके निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी जोरजोरात मालिश सुरू करते. मालिश चांगलीच असते, पण ती जखम पूर्ण मिटल्यावर, सर्जनने सांगितल्यावर, बोटाच्या पेराने हळू गोल दाब देऊन करायची असते. ती एकदा हाताला हात लावून दाखवली तर आयुष्यभर लक्षात राहते, कागदावर लिहून देऊन शिकवता येत नाही. मंगळसूत्र किंवा साखळी नेमकी कोवळ्या व्रणावर घासते, हेही कोणीतरी सांगावे लागते. आपल्याकडच्या कातडीत आणखी एक गोष्ट आहे. गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या आणि काळ्या कातडीत केलॉइड जास्त होतो, म्हणजे छेदाची हद्द ओलांडून पसरत जाणारा व्रण. कानाची पाळी आणि जबड्याची कड या त्याच्या आवडत्या जागा, आणि नेक लिफ्टचे छेद त्यांच्याजवळूनच जातात. केलॉइड नुसता कापून टाकला तर तो पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परततो. तो लहान असतानाच ओळखून ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने ठरावीक अंतराने द्यावी लागतात, आणि तीही मापात, कारण जास्त झाली तर तिथे खळगा पडतो आणि पांढरा डाग राहतो. पाहणारे जाणते डोळे वेळेवर मिळाले तर हे सगळे टळण्यासारखे आहे.

वेळेवर ते मिळतात का? उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, तिथे मुरबाड, शहापूर, कर्जतकडचेही रुग्ण येतात. अंबरनाथला छाया रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय आहे. अपघात, बाळंतपण, ताप यांच्या गर्दीत व्रणाची गाठ घेऊन आलेल्या माणसाला तिथे वेळ कोण देणार? मग उरते मुंबई. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून कातडी पेढी (स्किन बँक) आहे, परळला केईएम आहे, भाजलेल्यांसाठी ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे. बदलापूरहून सायनला जायचे तर जलद लोकल तिथे थांबत नाही, मध्ये उतरून धीमी पकडायची. ऐरोलीला जायचे तर ठाण्याला गाडी बदलायची. ताज्या टाक्यांच्या मानेने सकाळच्या गर्दीत हे एकदा करता येते, पण व्रणासाठी ते वर्षातून पाच-सात वेळा करावे लागते. रोजंदारीवर काम करणारा, जीन्सच्या कारखान्यात पीसवर शिवणारा माणूस दुसऱ्या फेरीनंतर जाणे सोडतो. त्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे, पण त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो हे आधी पाहावे. एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांचा हा पट्टा आहे, भाजण्याच्या जखमा इथे नवलाच्या नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हौसेने मान ताणून घेणाऱ्यांची चिंता सरकारने का करावी? माझे म्हणणे असे की त्यांच्या देखभालीचा पैसा सरकारने देऊ नये, पण तो लपूही देऊ नये. खासगी दवाखान्याने जो आकडा सांगितला त्यात वर्षभराच्या भेटी, व्रण जाड होऊ नये म्हणून लावायची सिलिकॉनची पट्टी, लागलीच तर इंजेक्शने धरली आहेत की नाहीत, हे लेखी असले पाहिजे. यात नवे काही मागितलेले नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सांगितले की संमती देण्याआधी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे कळले पाहिजेत. गाठी लागणे, व्रण जाड होणे हे नेक लिफ्टचे ठाऊक असलेले परिणाम आहेत, त्यामुळे ते संमतिपत्रात यायलाच हवेत. शिवाय हौस आणि गरज यांची रेषा दिसते तेवढी सरळ नाही. खूप वजन घटल्यावर गळ्याशी लोंबणारी कातडी घामाने सतत चरचरते, तिला हौस म्हणायचे का? आणि केलॉइडला रुग्ण कुठल्या कारणाने टेबलावर आला याने फरक पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. मालिश, सिलिकॉन यांचा उपयोग ठामपणे सिद्ध कुठे झाला आहे? हे खरे आहे. झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्याने सिलिकॉनच्या पट्टीबद्दलचा पुरावा कच्च्या प्रतीचा ठरवला, जरी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी तिला पहिली पसंती देतात. पण पुरावा कच्चा आहे म्हणजे देखभाल नको असा अर्थ निघत नाही. उलट, महागड्या क्रीम आणि लेझरच्या पॅकेजांपासून रुग्णाला वाचवण्यासाठीच कोणीतरी समोर बसून सांगायला हवे की तुमच्या गाठीला आणखी दोन महिने काहीही करू नका. वाट पाहा असे ठामपणे सांगता येणे हाही उपचार आहे, आणि तो तपासल्याशिवाय देता येत नाही. आमच्या दमट हवेत घामाने पट्टी तासाभरात निसटते, ती रोज बारा तासांहून जास्त टिकवायची कशी, एवढे शिकवणाराही लागतो.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याला मी फार जागा देणार नाही, कारण मागणी छोटी आहे. एक खोली, आठवड्यातून एक दुपार, एक फिजिओथेरपिस्ट, महिन्यातून एकदा येणारा प्लास्टिक सर्जन, मोजपट्टी शेजारी धरून काढलेले व्रणाचे फोटो. ट्रायॅम्सिनोलोन हे काही नवलाईचे औषध नाही. सरकारकडे वाटही तयार आहे: २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेत ९७१ उपचारांच्या जोडीला १२१ पाठपुरावा सेवांची यादी ठेवली होती. शस्त्रक्रियेनंतरचे उपचारही पैशात धरायचे हे तत्त्व शासनाने तेव्हाच मान्य केले आहे. भाजून आखडलेल्या मानेच्या शस्त्रक्रियेला वर्षभराच्या व्रण-तपासणीचे पॅकेज जोडले, तर कॉलर आणि व्यायाम यांच्याअभावी पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया वाचते, आणि ती नक्कीच जास्त महाग असते.

सुरुवात अंबरनाथपासून व्हावी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात अंबरनाथ आहे. तिथे दर आठवड्याला व्रणांची ओपीडी भरावी, तिची वेळ मध्यवर्ती, छाया आणि ग्रामीण रुग्णालयांच्या केसपेपरवर छापावी, आणि मानेची कोणतीही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर दुसरा आठवडा, सहावा आठवडा, तिसरा महिना, सहावा महिना आणि वर्ष अशा पाच तारखा आधीच घालून द्याव्यात. खासगी दवाखान्यांनी आपले रुग्ण तिथे पाठवले तर त्यांच्याकडून शुल्क घ्यावे. महाविद्यालयाची पहिली तुकडी अजून शिकते आहे. तिला टाके घालायला शिकवाल तेव्हाच सहाव्या आठवड्यातली मान हाताने चाचपून कोणती गाठ सोडून द्यायची आणि कोणती त्याच दिवशी सर्जनला दाखवायची, हेही शिकवावे.