एकट्याचा संयम पुरेसा नाही

पदवीच्या वर्गाला सार्वजनिक वस्तूंचे प्रकरण शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकाला प्रश्न विचारला. 'सर, हवामान बदलत आहे हे मान्य. पण मी एकटीने बसने यायचे ठरवले आणि बाकीचा सारा वर्ग गाडीवर आला, तर फरक काय पडणार?' प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. ही मुलगी बसथांब्यावर रोज पाऊण तास ताटकळते, आणि वडिलांनी तिला स्कूटर घेऊन देण्याचे कबूल केले आहे. हिशेबाने पाहिले तर तिला एकच प्रामाणिक उत्तर देता येते : काहीही फरक पडणार नाही. बसची गैरसोय ती एकटी सोसणार; तिने न जाळलेल्या पेट्रोलचा लाभ मात्र जगातील आठशे कोटी माणसांत वाटला जाणार.

हे उत्तर आपल्याला रुचत नाही, म्हणून आपण उपदेश करतो. दरवर्षी ५ जूनला शाळा-महाविद्यालयांतून रोपे लावली जातात, प्रतिज्ञा म्हटल्या जातात, निबंधस्पर्धा होतात. त्यात वाईट काही नाही. परंतु ज्या प्रश्नाचे मूळ माणसांच्या परस्परांवरील अविश्वासात आहे, तो व्यक्तीच्या सद्‌गुणांना आवाहन करून सुटेल असे मानणे ही स्वतःची फसवणूक होय.

दुसरी फसवणूक याहून सुखावह आहे. खनिज इंधनांपासून होणारे कार्बन डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन भारतात दरडोई वर्षाला सुमारे २ टन आहे. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर, तर अमेरिकेची १४ टनांच्या आसपास आहे. तेव्हा आधी त्यांनी आवरावे, असे आपण म्हणतो. राष्ट्राराष्ट्रांतील वाटाघाटींत हा युक्तिवाद न्याय्य आहे व तो सोडण्याचे कारण नाही. पण आपली सरासरी इतकी खाली राहते ती तुमच्या-माझ्यासारख्या पगारदारांमुळे नव्हे. पायी कामावर जाणाऱ्या आणि एका दिव्याच्या खोलीत राहणाऱ्या कोट्यवधी माणसांमुळे. त्यांच्या दारिद्र्याची ढाल पुढे करून आपण आपला उपभोग झाकतो. आणि पारा चढतो तेव्हा पहिली झळ ऊसतोडणी कामगाराला आणि रस्त्याच्या कामावरील बाईलाच बसते.

हे सांगताना लेखक स्वतःला वगळत नाही. वृद्ध आईला उन्हाळ्यात रात्ररात्र झोप येईना, म्हणून गेल्या मे महिन्यात आमच्या घरीही वातानुकूलन यंत्र आले. त्याहून अधिक शिकविले ते आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेने. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत, असा ठराव होता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठेवलेले आहे. उरलेला खर्च पाच-सहा वर्षांत भरून निघेल, असा आमचा अंदाज होता. तरी ठराव बारगळला. वरच्या मजल्यावरील सभासदांना छत गळण्याची धास्ती वाटली. घर विकून लवकरच मुलाकडे राहावयास जाणाऱ्यांना पाच वर्षांनंतरच्या बचतीत रस नव्हता. बाकीच्यांचे म्हणणे एकच : सारे देणार असतील तर आम्हीही देऊ. मेंटेनन्स कोण थकवितो हे सर्वांना ठाऊक होते. सभेत पर्यावरणाचा शत्रू कोणी नव्हता. प्रत्येकाचा आक्षेप त्याच्यापुरता रास्तच होता.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामायिक कुरणाचे उदाहरण देऊन हाच पेच मांडला होता. प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवितो आणि अखेर कुरणच संपते. त्यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील कुरणे, जंगले, मासेमारी व पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखविले की, हा विनाश अटळ नाही. जेथे वापरणारेच नियम ठरवितात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला जाब विचारतात, तेथे सामायिक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे, भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी, आणि खर्चाचा काही भार लाभधारकांनीच उचलावयाचा. पुढे पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, व पावसाचे मोजमाप करून पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. या गावांतील माणसे संत होती असे नव्हे. उसाचा पैसा कोणाला नको असतो? परंतु आपण ऊस लावला नाही तर शेजारीही लावणार नाही, याची खात्री त्यांना होती. त्याग सोसवतो तो या खात्रीमुळे.

अर्थात गावाचा नियम बाहेरच्या धोरणाशी विसंगत असेल तर तो फार काळ टिकत नाही. पाणी पंचायतीच्या अनेक योजना पुढे अडचणीत आल्याच. म्हणून शासनाची जबाबदारी टळत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी झाली. आधी ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ पर्यंत शासकीय खरेदीत ३८ रुपयांवर आला आणि पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. त्यासाठी कोणालाही व्रत घ्यावे लागले नाही. याउलट २०१८ मध्ये फ्रान्समध्ये इंधनावरील कर वाढविण्याचे ठरले, तेव्हा गाडीखेरीज ज्यांना दुसरे साधनच नव्हते असे गावाकडचे लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला करवाढ मागे घ्यावी लागली. पर्याय न देता लादलेला नियम अन्यायाचा ठरतो आणि मूळ उद्दिष्टाचीच बदनामी करतो.

तेव्हा 'मी काय सोडू?' एवढ्यावर विचार थांबविणे पुरेसे नाही. 'आम्ही मिळून कोणता नियम पाळू, आणि त्याचा भार कोणावर किती?' हे ठरवावे लागेल. ते ठरविण्याची जागा दूर कोठे नाही. शिक्षकांची पतपेढी, कचेरीतील कर्मचारी संघटना, गृहनिर्माण संस्था, ग्रामसभा या साऱ्या संस्था आपल्या हाताशी आहेत. तेथे बोलणे हे एकट्याने दिवा मालविण्यापेक्षा कठीण आहे, कारण तेथे शेजाऱ्याचा रोष पत्करावा लागतो. या प्रश्नात व्यक्तीच्या धैर्याची कसोटी लागते ती येथे.

त्या विद्यार्थिनीला लेखकाने स्कूटर घेऊ नकोस असे सांगितले नाही. महाविद्यालयाच्या वेळेला जोडून बस मिळावी, असा अर्ज वर्गाच्या सह्यांनिशी आगाराकडे द्यावा, एवढेच सुचविले. अर्ज गेला आहे. त्यावर लेखकाचीही सही आहे. आमच्या संस्थेचा ठरावही येत्या सभेत पुन्हा यावयाचा आहे. या वेळी त्यात गळतीची लेखी हमी आहे, खर्च मासिक हप्त्यांत विभागला आहे आणि थकबाकीदारांकडून वसुली कशी व्हावी हेही नमूद केले आहे. तो संमत होईलच असे नाही. परंतु आता नकार देणाऱ्याला 'बाकीचे देणार नाहीत' एवढे कारण पुरणार नाही.