मुदत महिनाअखेरीस संपणार, तरीही विक्री कायदेशीर

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावात रक्तदाबाचा वा मधुमेहाचा रुग्ण महिन्याभराच्या गोळ्या एकदाच विकत घेतो. शेतीची कामे, एस.टी.च्या वेळा आणि हातात पैसा येण्याचे दिवस पाहता त्याला तेच परवडते. समजा, त्याने महिन्याच्या 20 तारखेला तीस गोळ्या घेतल्या आणि त्यांची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीस संपणारी आहे. अशा वेळी निम्म्याहून अधिक गोळ्या तो मुदत उलटल्यानंतर घेणार, हे उघड आहे. तरीही गोळ्या देणाऱ्या विक्रेत्याने औषधविषयक कोणताही नियम मोडलेला नसतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 मधला आणि त्याखालील नियम 1945 मधले. यातील नियम 65 अन्वये मुदतबाह्य औषध विकण्यास मनाई आहे. असा माल दुकानात असलाच, तर तो ‘विक्रीसाठी नाही’ अशी खूण करून वेगळा ठेवावा लागतो. वेष्टनावर केवळ महिना व वर्ष छापलेले असल्यास त्या महिन्याचा अखेरचा दिवस ही मुदत मानली जाते. तोपर्यंत औषध विक्रीयोग्य, दुसऱ्या दिवशी निषिद्ध. रुग्णाला दिलेला साठा त्याला किती दिवस पुरणार आहे, हा प्रश्न नियमकर्त्यांच्या मनात आलेला दिसत नाही. किरकोळ विक्रीसाठी किमान शिल्लक मुदतीची अटच नाही.

अशी अट घालणे अव्यवहार्य आहे, असेही म्हणता येत नाही. आयात होणाऱ्या औषधांचे किमान 60 टक्के आयुष्य शिल्लक असावे, असा दंडक याच नियमांत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले की, ग्राहकाच्या हाती पडताना खाद्यपदार्थाचे 30 टक्के आयुष्य किंवा मुदत संपण्यास 45 दिवस शिल्लक असावेत. म्हणजे घरपोच मागवलेल्या बिस्किटाच्या पुड्याबाबत जी काळजी घेतली गेली, ती गावातल्या मेडिकलमधून घेतलेल्या हृदयरोगाच्या गोळीच्या वाट्याला आलेली नाही.

याचा सारा दोष दुकानदाराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. ग्रामीण दुकानात मालाची उलाढाल संथ असते. दहा खोक्यांवर एक मोफत अशा योजनेत माल भरला जातो. पुढे डॉक्टर कंपनी बदलतात आणि जुना ब्रँड फळीवरच राहतो. मुदत संपलेला माल स्टॉकिस्टमार्फत कंपनीकडे परत जातो खरा, पण त्याचे पैसे वळते होईपर्यंत लहान दुकानदाराचे भांडवल अडकून पडते. साहजिकच मुदत जवळ आलेला माल आधी खपवण्याकडे कल राहतो. आधी संपणारे आधी विकावे, ही पद्धत साठा व्यवस्थापनाच्या दृष्टीने योग्यही आहे. आक्षेप आहे तो ग्राहकाला न सांगण्याला. चार दिवसांच्या तापाला असे औषध दिले तर बिघडत नाही. महिन्याच्या औषधाचे तसे नाही.

त्यात भर पडते ती सुट्या गोळ्यांची. पट्टीवरील तारीख अनेकदा एकाच टोकाला छापलेली असते. पहिल्या ग्राहकाला ते टोक कापून दिले, की पुढच्याच्या हाती बिनतारखेचा तुकडा येतो. ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा झाला असून त्यात बॅच क्रमांक व मुदतही असते. परंतु चार गोळ्यांच्या तुकड्यावर ना तारीख उरते, ना कोड.

मग मुदत संपलेली गोळी विषारी होते काय? बहुतांश औषधांबाबत तसे नाही. अमेरिकी लष्करी साठ्यातील 122 औषधांच्या तीन हजारांहून अधिक बॅचची पाहणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील 88 टक्के बॅच मुदतीनंतर किमान वर्षभर वापरण्याजोग्या आढळल्या. मात्र तो साठा मूळ वेष्टनात आणि नियंत्रित तापमानात ठेवलेला होता. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या औषधाला तो निष्कर्ष कसा लावणार? शिवाय इन्सुलिन, छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, पाणी घालून तयार केलेले अँटिबायोटिक सिरप ही औषधे मुळातच नाजूक असतात. छापील तारीख ही निर्मात्याची हमी आहे. ती संपल्यावर औषध किती उरले, हे रुग्णाला घरी बसून कळण्याचा मार्ग नाही.

दाद मागायची तर हाती बिल हवे. बॅच क्रमांक आणि मुदत नोंदवलेले पक्के बिल हाच पुरावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. दहा दिवसांत मुदत संपणाऱ्या तीस गोळ्या ‘सदोष’ ठरतात का, यावर वाद होऊ शकतो. तीस दिवसांच्या चिठ्ठीवर दिलेला माल तीस दिवस वापरण्याजोगा नसेल, तर तो दोषच मानावा, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. आदल्या महिन्यात मुदत संपलेले औषध विकले गेल्यास प्रश्नच उरत नाही; त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या नि:शुल्क क्रमांकावर करता येते. ग्राहक म्हणून झालेल्या फसवणुकीसाठी 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

परंतु गावात मेडिकल एक-दोनच असतात आणि बहुधा त्यांच्याकडेच उधारीचे खाते असते. रात्री-अपरात्री दार उघडणाराही तोच दुकानदार. त्याच्याविरुद्ध 1915 फिरवणारा ग्राहक विरळाच. म्हणूनच हा भार रुग्णावर न टाकता नियमातच दुरुस्ती हवी: चिठ्ठीवरील मात्रा पूर्ण होईपर्यंत ज्याची मुदत टिकत नाही, ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यावे आणि तशी नोंद बिलावर करावी. तोवर गोळ्या घेतानाच तारीख विचारावी, आणि सुटी पट्टी घ्यायची झाल्यास तारखेचे टोक शेवटपर्यंत राखून दुसऱ्या बाजूने कापून मागावी.